मालिशच्या आधीचं जयपूर

जयपूरला गेलेल्या मराठी कुटुंबाचा दिवस बहुधा ठरलेला असतो. सकाळी आमेरचा किल्ला, परतताना जलमहालापाशी फोटोपुरता थांबा, मग हवामहल, सिटी पॅलेस, जंतरमंतर. दुपारी तुपात बुडवलेल्या बाट्या आणि चूरमा. संध्याकाळी जोहरी बाजार, बापू बाजार. रात्री हॉटेलवर पोचेपर्यंत पोटऱ्यांचे गोळे झालेले असतात, पिशव्यांनी खांदे ओढलेले असतात आणि दिल्ली-आग्र्याहून गाडीत बसून आलेली कंबर वेगळंच गाऱ्हाणं सांगत असते. नेमकी त्याच वेळी लिफ्टशेजारची पाटी डोळ्यांत भरते: 'आयुर्वेदिक मसाज, स्टीम बाथ, शिरोधारा'.

जयपुरात अशा पाट्यांना तोटा नाही. १९५७ साली राजवाड्याचं हॉटेल झालेल्या रामबाग पॅलेसपासून ते स्टेशनजवळच्या मध्यम हॉटेलांपर्यंत ही सोय मिळते. दरपत्रकात तेलांची नावं असतात, मिनिटं असतात, रुपये असतात. टेबलावर आडवं होण्यापूर्वी काय करायचं, हे मात्र सहसा लिहिलेलं नसतं. माणूस बाजारातून थेट येतो, चप्पल काढतो, आडवा होतो आणि तासाभरानं उठून म्हणतो, "ठीक होतं, पण पैसे जरा जास्तच घेतले."

यात मालिश करणाऱ्याचा हात कच्चा असेलही. पण पुष्कळदा बिघडतं ते त्याच्या आधीच. अंग गार असतं आणि मन अजून बाजारातच असतं. अंग तापवणं आणि मन निववणं ही दोन्ही कामं हात लागण्यापूर्वी व्हायला हवीत, आणि ती एकत्रच व्हायला हवीत. यातलं पहिलं जमतं, दुसरं राहून जातं. विशेषतः बायकांचं. ते का, ते पुढे सांगते. आधी आमेरला जाऊ या.

मिर्झाराजांचा हमाम

आमेरचा महाल पाहताना सगळे शीशमहालात माना वर करून उभे राहतात. तो देखणा आहेच. पण याच महालात एक हमाम आहे, तिथे मात्र फारसं कुणी रेंगाळत नाही. हमाम म्हटलं की आपल्याला पहिला आठवतो तो साबण! मूळ शब्द अरबी, आणि त्याच्या मुळाशी उष्णतेचाच अर्थ आहे. शीशमहाल, सुखनिवास ही सगळी कामं पहिल्या जयसिंगांच्या कारकिर्दीतली मानतात. हे जयसिंग म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातले मिर्झाराजे. १६६५ साली शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारे आणि १६६७ साली बुऱ्हाणपूरला देह ठेवणारे. घोड्यावर बसून दख्खनच्या मोहिमा करणाऱ्या या माणसाच्या घरी अंग शेकण्याची कशी व्यवस्था होती, हे पाहताना आपल्या ओळखीच्या माणसाच्या न्हाणीघरात डोकावल्यासारखं वाटतं.

हमामाची जुनी रीत ठाऊक असेल तर त्या खोल्यांना अर्थ येतो. माणूस एकदम गरम खोलीत शिरत नसे. पहिल्या खोलीत कपडे उतरवायचे, थोडं बसायचं, श्वास जागेवर आणायचा. दुसरी खोली कोमट. तिथे अंगाला हळूहळू ऊब लागते, हातापायांची बोटं सैल होतात. मग तिसरी, खरी गरम आणि दमट. तिथे घाम फुटला की मग घासणारा-रगडणारा कामाला लागे. एका खोलीतून दुसरीत जायला वेळ लागे आणि तो वेळ हीच अर्धी मालिश होती. भिंती जाड, उजेड मंद, आवाज घुमणारा. माणूस आपोआप हळू बोलू लागतो. मुघल दरबारात तर खासगी मसलतीच्या जागेला 'गुस्लखाना' म्हणजे न्हाणीघर हेच नाव पडलं होतं. आंघोळीच्या जागी माणसाचं डोकं शांत असतं, हे बादशहांनाही कळलं असावं.

शीशमहालासमोर, बागेच्या पलीकडे, सुखनिवास आहे. तिथे हिशेब उलटा. दालनातून पाण्याचा पाट काढलेला, त्यावरून येणारा वारा थंड होऊन आत यावा अशी योजना. मे महिन्यात जयपूरचा पारा चाळीसच्या वर असतो आणि अधूनमधून पंचेचाळीसलाही टेकतो. अशा दिवशी अंग आणखी तापवायची गरजच नसते. आधी ते निववावं लागतं. जानेवारीच्या पहाटे मात्र याच शहरात पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरतो आणि दगडी फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही. एकाच महालात बागेच्या दोन्ही अंगांना या दोन सोयी आहेत. हल्लीच्या दरपत्रकात मात्र बारा महिने एकच 'पॅकेज' असतं.

आधी वाफ, मग हात हा क्रम आपल्या देशातून विलायतेतही गेला. पाटण्यात १७५९ साली जन्मलेले शेख दीन महंमद ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्याबरोबर फिरले, पुढे आयर्लंडला आणि तिथून इंग्लंडला गेले. समुद्रकाठच्या ब्रायटन गावी त्यांनी स्नानगृह काढलं. त्यांच्याकडे आलेल्या माणसाला आधी वनस्पती घातलेल्या वाफेत बसवत. भोवती फ्लॅनेलच्या कापडाचा तंबू असे आणि त्याला बाह्या शिवलेल्या असत. चांगला घाम आला की मालिश करणारा त्या बाह्यांतून हात आत घालून अंग चोळी. सांधे धरलेली इंग्रज मंडळी रांगा लावून येत. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांनी त्यांना आपल्या पदरी नेमलं. या क्रियेला त्यांनी नाव दिलं होतं 'शॅम्पूइंग'. हिंदी 'चांपना' वरून आलेलं. आपण हातपाय 'चेपून' देतो ना, त्याच घरातला हा शब्द. तो पुढे डोक्यावर चढला आणि बाटलीत जाऊन बसला!

वाग्भटाचा क्रम

जुन्या शहराबाहेर आमेर रोडला लागलं की जोरावरसिंग दरवाजापाशी माधवविलास नावाच्या जुन्या वाड्यात राष्ट्रीय आयुर्वेद संस्थान आहे. केंद्र सरकारनं १९७६ साली ते सुरू केलं आणि २०२० साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. इथे रुग्णालय आहे आणि पंचकर्माचा विभागही आहे. हा स्पा नव्हे. गेलं आणि पैसे भरून आडवं झालं, असा इथला कारभार नाही; आधी वैद्य नाडी, जीभ, पोट, झोप यांची चौकशी करणार. पण मालिशचा विचार आपल्याकडे कुठून आला ते समजून घ्यायचं तर ही जागा योग्य.

पंचकर्मात स्नेहन आणि स्वेदन, म्हणजे तेल आणि वाफ, यांना 'पूर्वकर्म' म्हणतात. आपण ज्याला आख्खं जेवण समजतो, ते तिथे पानाच्या डावीकडचं मीठ-लिंबू! त्या दोन्हींनी शरीर मऊ आणि तयार झाल्यावर मुख्य उपचार. या क्रमात तेल आधी आणि वाफ नंतर. म्हणजे हमामाच्या बरोबर उलट. मग खरं कोणाचं? माझ्या मते भांडण नाहीच. वैद्यांचं तेल कोमट केलेलं असतं, खोलीत वारा शिरू देत नाहीत, आणि हात फिरतो तो आधी अंगात ऊब आणण्यासाठीच. गार अंगावर गार तेल ओतून जोर काढायचा, असं दोघांपैकी कुणीच सांगत नाही.

'अष्टांगहृदय' या ग्रंथात वाग्भटानं दिनचर्येचा क्रम दिला आहे तो पाहण्यासारखा आहे. रोज तेल लावावं, त्यातही डोकं, कान आणि तळपाय यांना विशेष. मग व्यायाम, पण तोही आपल्या ताकदीच्या निम्माच. व्यायामानंतर सर्वांग सोसवेल असं चोळून घ्यावं. मग उटणं आणि शेवटी स्नान. अजीर्ण झालं असेल तर तेलाच्या वाटेला जाऊ नये. 'निम्मी ताकद' ओळखायची वैद्यांची जुनी खूण अशी की कपाळावर, नाकावर घाम दिसू लागला आणि तोंडाला कोरड पडू लागली की थांबायचं. कोल्हापूरच्या तालमीतही पोरं आधी जोर-बैठका मारतात, लाल मातीत घुमतात आणि मग एकमेकांचं अंग रगडतात. गार अंगाला हात लावला तर वस्ताद ओरडेल.

आणि आपल्या घरात तरी दुसरं काय होतं? नरक चतुर्दशीच्या पहाटे आई तेलाची वाटी आधी कोमट करून घ्यायची, बंबाचं पाणी उकळत असायचं, थंडीत कुडकुडणाऱ्या पोरांना पाटावर बसवून पाठीवरून हात फिरवायची. बाळंतिणीचं तर विचारूच नका. मालिशवाली बाई यायची, तेल लागायचं, कडकडीत पाण्यानं न्हाऊ घालायची, मग खाटेखाली शेगडी आणि ओवा-वावडिंगाची धुरी. खोलीचं दार बंद, कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. त्या चाळीस दिवसांत त्या बाईला कुणी "जरा चहा टाक गं" म्हणत नसे. तेल, शेक आणि निवांतपणा तिन्ही एकत्र असत. पुढे आपण तेलाचं तेवढं लक्षात ठेवलं.

मुठीतलं मंगळसूत्र

हे लिहायचं निमित्त म्हणजे माझ्या वहिनी. दादा, वहिनी आणि मी, असे तिघं गेल्या हिवाळ्यात जयपूरला गेलो होतो. वहिनी अठ्ठावन्न वर्षांच्या. धाकट्याच्या बाळंतपणानंतर, म्हणजे तीस वर्षांत, कुणी त्यांच्या अंगाला तेल लावलेलं नव्हतं. दादांच्याच आग्रहानं त्यांनी एका हॉटेलात मालिश करून घेतली. दुपारी भरपेट जेवण झालेलं, खोलीत एसी चालू, तेलाची बाटली थेट फडताळातून काढलेली. अटेंडंटनं हसून "लेट जाइए" म्हटलं आणि कामाला लागली. वहिनी तासाभरानं बाहेर आल्या त्या मान धरूनच. "वन्सं, माझी भाकरी थापताना परात जशी सरकते ना, तशी मी सरकत होते," म्हणाल्या. पुन्हा नाव काढायचं नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

दोन दिवसांनी बनीपार्क भागातल्या एका घरगुती केंद्राची माहिती मिळाली. बायकाच चालवतात, बायकांसाठीच. मी माझ्यासाठी गेले आणि वहिनींना नुसतं सोबत म्हणून नेलं. तिथल्या पन्नाशीच्या बाईंनी आम्हा दोघींना आधी अंगणात उन्हात बसवलं. पितळी घंगाळात गरम पाणी, त्यात मूठभर मीठ, आणि पाय त्यात. हातात कोमट पाण्याचा पेला. पंधरा मिनिटं त्या आमच्याकडे फिरकल्याच नाहीत. मला वाटतं, तो त्यांच्या कामाचा सगळ्यात अवघड भाग असावा, गिऱ्हाइकाला तसंच बसू देणं.

वहिनींची भीड हळूहळू चेपली आणि त्या तयार झाल्या. पण गळ्यातलं काढा म्हटल्यावर अडल्या. मंगळसूत्र टेबलावर ठेवायला मन होईना, म्हणून रुमालात गुंडाळून मुठीत धरलं आणि पालथ्या झोपल्या. बाईंनी खांद्याला हात लावला, पुन्हा लावला आणि थांबल्या. "बाईसा, मुट्ठी खोलो. आपकी मुट्ठी बंद है तो कंधा कैसे खुलेगा?"

मूठ वळलेली, त्यामुळे मनगट ताठ, कोपर ताठ, खांदा कानाशी चढलेला आणि मान दगड. मी तो रुमाल माझ्या हातात घेतला. मग बाईंनी वहिनींना सांगितलं, आता दोन्ही मुठी होतील तेवढ्या घट्ट आवळा. आणखी घट्ट. आता सोडा. तसंच खांदे कानापर्यंत उचला, सोडा. दात आवळा, सोडा. डोळे मिटा घट्ट, सोडा. पायाची बोटं मुडपा, सोडा. वहिनींना हसू आलं, आणि हसताना पोट सुटलं. त्यानंतर तेलाचा हात फिरला तेव्हा त्यांनी "हळू" असं एकदाही म्हटलं नाही.

त्या बाईंनी शिवणाची चार बुकंही वाचली नसतील कदाचित, पण त्यांची ही युक्ती शास्त्राच्या पुस्तकात आहे. अमेरिकेतले डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी एकेक स्नायू मुद्दाम आवळून मग सोडण्याची पद्धत बसवली आणि १९२९ साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं: आपला स्नायू ताठ आहे हे माणसाला कळतच नाही. तो आणखी ताठ करून दाखवला की कळतं, आणि कळलं की सोडता येतं.

आपल्याकडेही काम झालं आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योगक्रिया उपकरणं लावून तपासायला सुरुवात केली. पुढे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं आणि त्याचे निष्कर्ष १९६९ साली प्रसिद्ध केले. अनेकांचा रक्तदाब उतरला, काहींच्या औषधाची मात्रा कमी करता आली. नुसतं पडून राहण्याचं नाही, तर पडून राहायला *शिकण्याचं* हे फळ. शवासन दिसायला सोपं, पण ज्या बाईच्या डोक्यात उद्याच्या गाडीचं तिकीट, दादांची बीपीची गोळी आणि घरी मोलकरणीला दिलेली किल्ली फिरत असते तिला विचारा!

मन आणि अंग वेगळं का काढता येत नाही, याचं कारण सोपं आहे. धास्तावलेल्या माणसाचे हातपाय गार पडतात. रक्त कातडीकडून आत ओढलं जातं. गार, बिचकलेल्या स्नायूवर कुणी दाब दिला तर तो स्वतःला वाचवण्यासाठी आणखी आखडतो. उलट ऊब लागली की कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, स्नायू जास्त सहज ताणला जातो. सावकाश, लांब उच्छ्वास सोडला की नाडीही संथ होते. म्हणून घंगाळातले पाय आणि मुठीतलं मंगळसूत्र या दोन गोष्टी नाहीतच, एकच आहे.

गलत्याची चढण

अंग तापवायला जयपूर शहर पुरेसं आहे, त्यासाठी यंत्रं लागत नाहीत. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी सकाळी पूर्वेकडच्या गलता गेटपासून डोंगर चढावा. वर सूर्यमंदिर आहे, तिथून सगळं जयपूर सकाळच्या उन्हात पसरलेलं दिसतं. पलीकडे उतरलं की घळीत गलताजीची मंदिरं आणि झऱ्याच्या पाण्याची कुंडं. वाटेत माकडं फार. हातात खाऊची पिशवी असेल तर अंग तापण्याऐवजी डोकं तापेल. याच डोंगररांगेच्या बाजूला 'धम्मथली' हे विपश्यना केंद्र आहे, आपल्या इगतपुरीच्या धम्मगिरीच्याच परंपरेतलं. तिथलं शिबिर दहा दिवसांचं आणि मौनाचं. मालिशच्या तयारीसाठी कुणी तिथे जाणार नाही. पण नाकपुडीतून आत-बाहेर होणाऱ्या श्वासाकडे नुसतं पाहत बसायची जी पहिली पायरी तिथे शिकवतात, ती शिकलेल्या माणसाला मालिशच्या खोलीत वेगळं काही सांगावं लागत नाही.

चढण नको असेल तर रामनिवास बाग आहे. सवाई रामसिंगांच्या काळात, १८६८ साली केलेली. मधोमध अल्बर्ट हॉल, त्याच्यापुढे कबुतरांचे थवे आणि भल्या सकाळी फेऱ्या मारणारे जयपूरकर. इथे वीस मिनिटं जरा झपाझप चालावं. मग एखाद्या बाकाचा आधार घेऊन खांदे पुढे-मागे फिरवावेत, घोटे फिरवावेत, मान नुसती डावी-उजवीकडे वळवावी. तिला गरागरा फिरवू नये. कपाळावर घामाचा पहिला थेंब आला की वाग्भटाची खूण पटली म्हणायची. हॉटेलवर परतून गरम पाण्यात पाय बुडवून बसावं आणि मग दहा मिनिटं नुसतं पडावं. पांघरायला जयपुरी रजईसारखी चीज नाही. कापूस इतका पिंजून-पसरून भरलेला की वजन कळत नाही आणि ऊब मात्र पुरती. श्वास घेताना मोजायचं तीन, सोडताना पाच. आकडे चुकले तरी चालतील, सोडणं लांबलं म्हणजे झालं. जीभ टाळूपासून सुटू द्यावी. फोन दुसऱ्या खोलीत, बंद करून. अंगठ्या, बांगड्या, गळ्यातलं विश्वासाच्या माणसाकडे. केसांची पिन, आंबाडा सोडलेला.

सकाळी दहा-साडेदहाची मालिश यासाठी उत्तम. पोट हलकं असतं आणि पुढे ऊन मिळतं. दाल-बाटीनंतर निदान दोन तास तरी कुणाला अंगाला हात लावू देऊ नये. आणि प्याजकचोरी खाऊन वाफेच्या पेटीत शिरण्याचा पराक्रम तर मुळीच नको.

वाफेबद्दल जरा सावध राहायला हवं. हृदयविकार किंवा काबूत नसलेला रक्तदाब असेल, गर्भारपण असेल, अंगात ताप असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाफ नको. वैद्यसुद्धा पेटीत बसवताना डोकं बाहेर ठेवतात आणि डोळे व छाती यांना फार ऊब लागू देत नाहीत. मधुमेह जुना असेल तर तळपायांना गरम-गार कळत नाही, तेव्हा घंगाळातलं पाणी घरच्या माणसानं कोपर बुडवून आधी पाहावं. आणखी एक गोष्ट प्रवाशांनी ध्यानात ठेवण्यासारखी. मुंबईहून जयपूर अकराशे किलोमीटरच्या वर. गाडीत रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बसणं होतं. एवढ्या बैठ्या प्रवासानंतर एकच पोटरी सुजली, लाल झाली, दुखू लागली तर ती चोळून घेऊ नये. शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते आणि चोळल्यानं ती सुटून वर जाण्याचा धोका असतो. त्या वेळी मालिशवालीकडे नाही, दवाखान्यातच जावं.

उन्हाळ्यात यातलं बरंचसं उलटं करा. सुखनिवासाचा धडा. बाहेरून आल्यावर एसीत एकदम आडवं न होता सावलीत बसावं, पाणी प्यावं, पाय साध्या पाण्यानं धुवावेत, घाम निथळू द्यावा. तेल तीळ किंवा मोहरीचं न घेता खोबरेल मागावं. जयपूरकडे मोहरीच्या तेलाची सवय, आणि ते आपल्याला नाकालाही झोंबतं, अंगालाही. वाफेची पेटी तर मे महिन्यात विसरूनच जावी.

मालिश झाल्यावर लगेच रिक्षात बसून वाऱ्यावर जाऊ नये. अर्धा तास पडून राहावं, मग कोमट पाण्यानं बेसन किंवा मसुराचं पीठ लावून आंघोळ. जुना पंजाबी ड्रेस बरोबर असू द्यावा. तेलाचे डाग नव्या बांधणीवर कायमचे बसतात. आणि बापू बाजारातली रजईची घासाघीस मालिशच्या आदल्या दिवशीच उरकावी. बनीपार्कातून आम्ही परस्पर बाजारात गेलो, तर एरवी भाजीवाल्याशी आठ आण्यांसाठी वाद घालणाऱ्या वहिनींनी दुकानदारानं सांगितलेला भाव हसतमुखानं देऊन टाकला. दादा ते अजून बोलून दाखवतात.